दाराच्या खांबातली चीर

मी बायकोसाठी गाडी बनवली, असं आमच्या गल्लीत सगळे सांगतात. तिच्या तेरवीला आलेल्या लोकांनीही तेच सांगितलं. एका पाहुण्यानं तर भाताचा घास हातातच धरून पंगतीतल्या माणसांना ऐकवलं की अशी माया आता पाहायला मिळत नाही, म्हाताऱ्यानं बाईसाठी चारही चाकं ओढणारी जीप उभी केली. मी समोरच बसलो होतो. ज्याच्या घरी मयत झाली त्यानं पंगतीत भांडू नये, म्हणून गप्प राहिलो.

खोटं आहे ते. गाडी मी माझ्यासाठी बनवली. तिला त्यात बसवलं, एवढंच.

आमचं घर भंडाऱ्याला, पितळेची भांडी ठोकणाऱ्यांच्या गल्लीत. आजा ठोकायचा, बाप ठोकायचा. मी चौथीपर्यंत शाळेत गेलो, मग बापानं हातात हातोडी दिली. पितळ ठोकत गेलं की कडक होते. फार कडक झालं की तडकते. म्हणून मधे मधे भट्टीत लाल करून नरम करायचं, थंड झालं की पुन्हा ठोकायचं. ज्याला घाई असते, जो न भाजता ठोकत सुटतो, त्याच्या गुंडाला गळ्याजवळ चीर जाते आणि पाणी भरायचा तो गुंड मोडीत जातो. हे मला शेंबूड पुसता येत नव्हता तेव्हापासून माहीत आहे. हे माहीत असलेल्या माणसानं काय केलं ते आता सांगतो.

घरोघरी स्टील आलं आणि गल्लीतली ठोकठोक बसली. लग्नात आंदण म्हणून एखादा गुंड, एखादं घंगाळ, बाकी सगळं स्टील. मी वैनगंगेच्या पलीकडे कारध्याला, हायवेच्या बाजूला, टिनाचं शेड टाकलं आणि गाड्यांचे पत्रे ठोकायला लागलो. ट्रकचं मडगार्ड, ट्रॅक्टरचं बोनट, कुणाच्या कारचं पोचा आलेलं दार. गॅस वेल्डिंग शिकलो. मला वाटलं, पत्रा पत्राच असतो, पितळेचा काय आणि लोखंडाचा काय. हात चांगला होता. लोक नावाजायचे. नावाजलेलं मला फार आवडायचं, हे पहिलेच सांगून टाकतो.

जीप मला सरकारी लिलावात मिळाली. इंजिन चालू, पत्रा जागोजागी खाल्लेला. सहा महिने मी दुसऱ्यांच्या गाड्या बाजूला ठेवून तिच्यामागे लागलो. एका गिऱ्हाइकानं मोबाइलमध्ये दाखवलं होतं, पंजाबकडचे लोक जीपा कशा उंच करतात, टायर कसे मोठाले घालतात. मला तशीच पाहिजे होती. मागेपुढे कमानीत, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांत, दोन दोन पाटे वाढवले. ट्रॅक्टरसारख्या नक्षीचे टायर आणले. टायर मडगार्डला घासायला लागले, तेव्हा बॉडीच चेसिसवरून तीन बोटं उचलायचं ठरवलं.

आता हे समजून घ्या. जीपची बॉडी चेसिसवर नुसती बोल्टानं आवळलेली नसते. मधे रबराचे गुटके असतात. खड्ड्यात एक चाक खाली गेलं की चेसिस पिळते, आणि तो पीळ रबर खाऊन टाकते, वर पत्र्यापर्यंत येऊ देत नाही. माझ्या जीपचे रबर चेपून भाकरीएवढे पातळ झाले होते. नवे नागपूरला मिळत होते. पण मी गल्लीत शेवटची भट्टी चालवणाऱ्याकडे गेलो आणि पितळेचे गुटके ओतून आणले. दहा. कानशीनं घासून असे चमकवले की देवघरात ठेवावे. भंडाऱ्याच्या माणसाच्या डोक्यात दुसरं काय येणार. रबर सडते, पितळ सडत नाही, एवढा माझा हिशोब.

शेडच्या बाजूलाच एक म्हातारा मिस्त्री ट्रकच्या कमानी बसवायचा. तो आला, खाली वाकला, बराच वेळ पाहत राहिला.

"रबर काहून काढलं?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं, सडते म्हणून.

"सडते म्हणूनच लावते ना, बावा. ते सडते तवा पत्रा वाचते."

मी हसलो. त्याला म्हटलं, तुम्ही ट्रकवाले, तुम्हाला नाजूक कामाचं काय समजते. तो विडी पेटवून निघून गेला. पुन्हा कधी त्या गाडीबद्दल बोलला नाही.

गाडी तयार झाली तेव्हा इतकी उंच झाली होती की बायकोला चढता येईना. एका हातानं पातळ सावरून, दुसऱ्या हातानं दाराचा खांब धरून ती खालीच उभी. म्हणाली, "अजी, हत्तीवर बसवतानी शिडी तरी देते लोकं." सगळे हसले. मी एक पायरी वेल्ड करून दिली. त्या पायरीचंच पुढे लोकांनी केलं, बघा बायकोसाठी पायरीसुद्धा लावली म्हणून.

तिचं माहेर साकोलीकडे. त्यांचा आठवडी बाजारात भांडी विकायचा धंदा आणि घरच्या थोड्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं. गावात जायचं तर तलावाच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून. पावसाळ्यात त्या पारीचा असा चिखल होतो की बस वरच्या रस्त्यावरच सोडते, आणि बाया चपला हातात घेऊन गावात येतात. ती लहानपणापासून तशीच गेली होती. तिला त्याचं काही नव्हतं. उलट तिला ते आवडायचं, कारण पारीवर ओळखीच्या बाया भेटत आणि घरी पोचेपर्यंत अर्ध्या गावाची खबर कळे.

मी तिला धानाच्या रोवण्याच्या दिवसांत जीपमध्ये घालून त्याच पारीवरून नेलं. तलावात जाळं टाकणारे ढिवर कंबरेएवढ्या पाण्यात थांबून पाहत राहिले. बांध्यांत रोवणा करणाऱ्या बायांनी माना वर केल्या. गाडी चिखलातून डुलत, पिळत, गुरगुरत निघाली आणि माझी छाती अशी फुगली की काय सांगू. साळ्यानं गावभर फिरवून दाखवली. पोट्ट्यांनी फोटो काढले. ती माजघरात बसून दंडाला तेल चोळत होती. पूर्ण पारभर तिनं तो दाराचा खांब धरून ठेवला होता. वहिनीनं विचारलं, काय झालं. ती म्हणाली, गाडीत बसायची सवय नाही. माझं नाव घेतलं नाही.

चीर तिनं पाहिली नाही. ऐकली. तीही दुसऱ्या वर्षी.

गल्लीत आमचं भांड्यांचं दुकान होतं तेव्हा ती गल्ल्यावर बसायची. मोडीत आलेलं भांडं, दुरुस्तीला आलेलं भांडं, ती बोटाच्या पेरानं वाजवायची. चांगलं असलं की आवाज लांबत जातो. फुटकं असलं की बद्द वाजते, आवाज तिथंच मरतो. तिला डोळ्यांनी पाहायची गरज नसायची. गिऱ्हाईक सांगे, नवाच गुंड आहे, आणि ती म्हणे, गळ्यापाशी फुटला आहे, नेऊन भरून पाहा. कधी चुकली नाही.

तर दुसऱ्या वर्षी, माझ्या शेडमध्ये तीन-चार गिऱ्हाइकं बसलेली असताना, ती डबा घेऊन आली. कुठं जायचं होतं म्हणून गाडीत चढली. खांब धरला. मग तिनं सवयीनं पेरानं तो वाजवला. वर वाजवला, मधे वाजवला, बुडाशी वाजवला.

"अजी, इथं फुटलं आहे," ती म्हणाली. "बद्द वाजून राहिलं."

मी पाहिलं. रंग अख्खा होता. केसाएवढी रेघ नाही. गिऱ्हाइकं माझ्याकडे पाहत होती.

मी म्हटलं, "तुले काय समजते पत्र्यातलं? तू गुंड घास."

ते लोक हसले. ती गाडीतून उतरली, डबा ठेवला आणि ऑटो करून पुलावरून घरी गेली.

पंधरा दिवसांनी रंगाला रेघ आली. मी ग्राइंडरनं रंग उडवला. दाराच्या पुढच्या खांबाच्या बुडाशी, बरोबर तिनं वाजवलं होतं तिथं, बोटभर लांब चीर. खाली वाकून पाहिलं तर खालच्या पितळेच्या गुटक्याभोवतीही पत्रा फाटायला लागलेला. गुटका मात्र जसाच्या तसा. तो दबतच नव्हता, मग पीळ कुठं जाणार? पत्र्यात गेला. रोज पिळून पिळून पत्रा कडक झाला आणि तडकला. बापानं शिकवलेलं सगळं माझ्या समोर होतं. तेव्हाच ते दहा गुटके काढून नागपूरचं रबर घातलं असतं, वाढवलेले पाटे उतरवले असते, तर गाडी वाचली असती. एका दिवसाचं काम. पण बाजूचा मिस्त्री पाहत होता ना. मी रबर लावताना त्यानं पाहिलं असतं.

म्हणून मी चीर वेल्ड केली, वरून जाड पत्र्याची पट्टी मारली, पुटी लावली, तोच हिरवा रंग मारला. ती बहिणीकडे गेली होती तेव्हा हे उरकून घेतलं. आल्यावर ती गाडीत बसली, पेरानं एकदा वाजवलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवून बसली. त्या दिवसापासून तिनं पुन्हा गाडी वाजवली नाही. तिनं सांगायचं सोडलं, आणि मी समजलो की तिचं समाधान झालं.

पट्टी टिकली. पट्टीच्या बाजूचा पत्रा तडकला. तिथं पट्टी मारली की तिच्या पुढं. दाराच्या कोपऱ्यात, काचेच्या चौकटीच्या बुडाशी, मागच्या सीटखाली. जिथं मी जाड करायचो, त्याला लागून पातळ उरायचं तिथून फाटायचं. पाच-सहा वर्षं मी हेच करत राहिलो. वरून गाडी अशी दिसायची की लग्नाच्या वरातीला लोक मागायला येत.

मग तिच्या पोटात गाठ निघाली.

नागपूरला न्यायचं, दर तीन आठवड्यांनी. औषध चढवायचं आणि परत आणायचं. पोटाला धक्का लागला की तिचा जीव जायचा. डॉक्टरीण बाईनं मला वेगळं बोलावून सांगितलं की येता-जाता जपा, हादरे बसू देऊ नका. मी मान हलवली. मुलगी तुमसरला दिलेली आहे, जावई राइस मिलमध्ये मशीनवर असतो. तिनं फोनवर सांगितलं की बाबा, चांगली गाडी भाड्यानं करा, आम्ही करून देतो. शेजारच्या माणसानं आपली कार देतो म्हटलं. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं. घरी गाडी उभी असताना लोकाच्या गाडीत कायले बसवू? मी तिला माझ्या गाडीनं नेईन.

बाहेर हे ऐकून लोक हळवे व्हायचे. मला ते दिसायचं.

नागपूरचा रस्ता चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण वाढवलेल्या पाट्यांवर आणि पितळेवर बसलेल्या गाडीला चांगला रस्ताही खडकाळच. प्रत्येक गावाचं ब्रेकर, प्रत्येक पुलाचा जोड, सरळ वर यायचा. ती पोटावर उशी एका हातानं दाबून धरायची, दुसऱ्या हातानं तो खांब. खांबाच्या बुडाशी पट्टीच्या बाजूला नवी चीर आली होती. ती धक्क्याला उघडायची आणि मिटायची. एकदा मौद्याच्या पुढं तिनं हात झटकन काढला. बोटाची कातडी चिरीत सापडली होती. रक्त नाही, नुसती लाल रेघ.

मला म्हणाली, "चिमटा घेते तुमची गाडी."

तुमची म्हणाली. आमची नाही.

मग थोड्या वेळानं, रस्त्याकडे पाहत, "अजी, एकदा बसनं जाऊ न. पुढच्या सीटवर मी बसतो गुपचूप. तुले काही तरास देत नाही."

तीस-चाळीस वर्षांत ती मला कधी तुले म्हणाली नव्हती. नेहमी तुमी, तुमाले. तिच्या तोंडून ते कसं निघालं कोण जाणे. दुखण्यानं माणूस मानपान विसरत असेल. मला तेव्हा फक्त एवढंच कळलं की ही माझ्या गाडीला नाव ठेवून राहिली.

मी म्हटलं, बसमध्ये तुला उलटी झाली तर लोक काय म्हणतील. ती म्हणाली, मला म्हणतील ना, म्हणू दे. मी गियर बदलला.

घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या चिरीत पुटी भरली. वेल्डिंगसुद्धा नाही केलं, कारण आता वेल्डिंग धरायला आजूबाजूला दमदार पत्राच उरला नव्हता. पुटी भरली, घासली, रंग मारला. पुढच्या खेपेला तिनं खांब धरला तर बोटाला थोडा हिरवा रंग लागला.

"रंग मारला?"

"हो."

"बरं केलं," ती म्हणाली आणि बोट पदराला पुसलं.

अशा नऊ खेपा झाल्या. पौषात ती गेली, घरीच, खाटेवर, सकाळचा चहा नको म्हणाली त्यानंतर. गाडीमुळे ती गेली नाही. ते मी डॉक्टरीण बाईला विचारून घेतलं आहे, तशी मला माझी सुटका नको होती तरी विचारलं. आजारानं गेली. पण आजारानं जेवढं दुखवलं त्याच्या वर जे दुखणं होतं, भंडारा ते नागपूर आणि नागपूर ते भंडारा, ते मी दिलं. मला माहीत होतं. पत्रा फाटला आहे हे माहीत होतं, का फाटला हे माहीत होतं, आणि तोच धक्का तिच्या पोटात जातो हेही. न समजून झालं असं म्हणायला मला जागा नाही.

वर्षश्राद्ध झालं त्या दिवशी संध्याकाळी मुलगी अंगणात गाडीजवळ उभी होती. गाडीला धूळ बसली होती. तिनं पदरानं सीट पुसली, आईची.

"बाबा, आईची गाडी मले द्या," ती म्हणाली. "तुमी आता चालवत नाही. पोरी शाळेत जातीन हिच्यात. आई बसे तिथं बसतीन."

तिला दोन मुली. एक तिसरीत, एक पहिलीत. तुमसरला त्यांची शाळा घरापासून लांब आहे आणि रस्त्यावर धानाच्या ट्रकांची गर्दी. जावई म्हणाला, मामाजी, मी नीट सांभाळीन, आईची आठवण आहे. दोघांचे चेहरे असे झाले होते की मी म्हणून टाकलं, घेऊन जा, रविवारी या, मी नीट करून ठेवतो. हे म्हणताना मला गोड वाटलं. आईची गाडी. पोरीच्या तोंडून ते ऐकून मला वाटलं, चला, हेच खरं राहो.

शुक्रवारी मी गाडी शेडमध्ये नेली आणि खाली शिरलो. एक वर्ष उभी राहून गंजानं चिरींमध्ये घर केलं होतं. पेचकस लावला तर आरपार गेला. डाव्या बाजूच्या पाच गुटक्यांपैकी तीन गुटक्यांवर बॉडी नुसती टेकलेली होती, धरलेली नव्हती. दाराचा खांब वरच्या काचेच्या चौकटीवर लटकत होता, बुडाशी त्याला काही आधार नव्हता. आता रबर घालून उपयोग नव्हता. नवी बॉडी लागली असती. दार लागलेलं आहे तोवर तो खांब उभा दिसतो. एखाद्या दिवशी भरधाव गाडीत, ट्रक टाळायला जावयानं स्टिअरिंग फिरवलं, तर दार आणि खांब दोन्ही बाहेर, आणि खांब धरून बसलेलं पोरही.

हे सगळं पाहून मी बाहेर आलो आणि पुटीचा डबा उघडला.

लपवायचं कशाला. दोन दिवस मी पुटी भरली. खड्डे होते तिथं आत जाळी कोंबली, वर पुटी. पॉलिश पेपरनं असं घासलं की हात फिरवला तर आरशासारखं. हात अजून चांगला आहे माझा. रंग मारला. शनिवारी संध्याकाळी गाडी उन्हात अशी चमकत होती की बाजूच्या चहावाल्यानं टपरीतून आवाज दिला, काका, नवीन घेतली का. मी हो म्हटलं.

रविवारी ते आले. मुली धावतच गाडीकडे गेल्या. मोठी पायरीवरून चढून मधे सरकली. लहानगी चढताना अडखळली, तर तिनं आजीसारखाच दाराचा खांब दोन्ही हातांनी पकडला आणि त्याला लोंबकळून वर गेली. खांब हलला. दुसऱ्या कुणाला दिसलं नसेल. मला दिसलं, चौकटीपासून बुडापर्यंत, दोरा ओढल्यासारखा.

मी म्हटलं, उतरा.

मोठी म्हणाली, आजोबा, आताच तर चढलो. मी पुन्हा म्हटलं, उतरा खाली, दोघी. माझा आवाज ऐकून लहानगी रडायला लागली. मुलगी घरातून बाहेर आली. मी शेडमधून आणलेल्या थैलीतली हातोडी काढली आणि खांबाच्या बुडाशी एक ठोका मारला. फार जोरात नाही. पुटीचं ढेकूळ भिंतीच्या गिलाव्यासारखं खाली पडलं. आत हाताची चार बोटं जातील एवढी फट. जावयानं वाकून पाहिलं आणि मामाजी म्हणून तो थांबला. मी आणखी एक ठोका मारला, काचेखाली, तिथूनही पुटी पडली.

जावयानं विचारलं, हे कधीपासूनचं. मी सांगितलं, सात-आठ वर्षांपासून. तो म्हणाला, मग काल-परवा हे भरलं ते कशाला. मी मुलीकडे पाहत होतो. तिनं लहानगीला कडेवर घेतलं होतं आणि ती माझ्याकडे नाही, त्या फटीकडे पाहत होती.

"आई बसे तवाही असंच होतं?"

"असंच होतं."

"आईले माहीत होतं?"

"तिनंच पहिले सांगितलं. वाजवून. मी तिले लोकांसमोर बोललो." मग राहिलेलं पण सांगून टाकलं. रबर, पितळ, म्हातारा मिस्त्री, चिमटा, बसनं जाऊ म्हणाली ते. धक्का कुठून येतो ते मला ठाऊक होतं, हेही. मुली ऐकत होत्या. जावई त्यांना ओसरीत घेऊन गेला.

मुलगी म्हणाली, "आई मले फोनवर सांगे, गाडी लय मारते वो, पण तुया बाबाले सांगू नको. त्याईले वाईट वाटन. त्याईनं मायासाठी बनवली."

मी हातातली हातोडी गाडीच्या पायरीवर ठेवली.

"मी तवा लय रडली, बाबा. भाड्याची गाडी करा म्हणून तुमाले सांगून सांगून थकली. तुमच्यावर एवढा राग होता मले. मंग आई गेल्यावर मी मनाले समजावलं, त्याईले बिचाऱ्याईले समजलंच नसन. मायेनं नेत होते, समजलं नसन. असं म्हणून म्हणून मी तो राग काढून टाकला." तिनं डोळे पुसले नाहीत. "तुमाले माहीत होतं."

"होतं."

"मंग आता मी काय करू?"

मी म्हटलं, पोरींनी या गाडीत बसू नये म्हणून सांगितलं. ती म्हणाली, ते समजलं मले. आणि आत जाऊन मुलींच्या चपला शोधायला लागली.

जेवायला थांबले नाहीत. स्वयंपाक मी केला होता, वांग्याची भाजी आणि भात, तो तसाच राहिला. जावयानं कोपऱ्यावरून ऑटो बोलावला, बस स्टँडवर जायला. ऑटोत बसताना मुलगी माझ्या पाया पडली, कारण ती नेहमी पडते. नेहमी ती पडते तेव्हा म्हणते, बाबा जेवत जा. त्या दिवशी म्हणाली नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी गाडी गॅस कटरनं कापली. भंगारवाल्याला अख्खी दिली तर तो कुणाला तरी विकेल, कुणी तरी पुन्हा पुटी भरेल. म्हणून त्याच्या समोर तुकडे केले. कापताना गल्लीतले दोघे-तिघे आले आणि हळहळले, बायकोसाठी बनवलेली गाडी म्हातारा कापून राहिला, त्याले पाहवत नसन. मी कटर बंद केला आणि त्यांना सांगितलं की तुमच्यासारख्यांनी वाहवा करावी म्हणून बनवली होती. ते एकमेकांकडे पाहून निघून गेले. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं आता सांगतात.

तुमसरहून फोन येतो. दर रविवारी, अकराच्या सुमारास. जावई करतो. मामाजी, गोळ्या घेता ना, भाजी आणता ना, काही लागलं तर सांगा. चांगला माणूस आहे. पोरी शाळेत ऑटोनं जातात, ते त्यानंच सांगितलं. मी विचारतो, ती कुठं आहे. तो म्हणतो, कामात आहे. मागून भांड्यांचा आवाज येतो, आणि आवाज मधेच थांबतो, म्हणजे ती उभी राहून ऐकते. मी मोठ्यानं बोलतो, तिला ऐकू जावं म्हणून. बरा आहे म्हणतो. जावई म्हणतो, ठेवू का मामाजी. मी म्हणतो, ठेवा.